करडाची उडी

करडू जन्मून चार-पाच दिवस झाले की त्याच्या अंगात काहीतरी शिरतं. आईच्या कासेला ढुशा देऊन पोट भरलेलं असतं, पाठीवर कोवळं ऊन असतं, आणि कसलंही कारण नसताना ते उडतं. धावत येऊन नव्हे, उभ्या जागेवरून. चारही पाय एकदम जमीन सोडतात, हवेत कंबर एका अंगाला वळते, आणि खाली येतं तेव्हा तोंड भलत्याच दिशेला असतं. स्वतःच दचकतं, इकडेतिकडे बघतं, पुन्हा उडतं. वासराचं बागडणं वेगळं. वासरू शेपटी वर करून सुसाट सुटतं, त्याला मोकळं रान लागतं. करडाला ओटा, उकिरडा, पालथं घमेलं, बसलेल्या म्हशीची पाठ, काहीही पुरतं.

आपल्याकडे बागडणं आहे, हुंदडणं आहे, उंडारणं आहे. बेडकाच्या नावाने उडी आहे, माकडाच्या नावाने आहे, घोड्याकडून घेतलेलं चौखूर उधळणंही आहे. शेळीच्या पोराच्या वाट्याला मात्र शब्द आला नाही. युरोपात तो आला, आणि आला तो असा काही फोफावला की आज पुण्या-मुंबईत दिवसातून दहा वेळा तो आपल्या तोंडी असतो. आपण शेळीचं नाव घेतो आहोत हे कुणाच्या ध्यानीमनीही नसतं.

सुरुवात ‘केपर’ या इंग्रजी शब्दापासून करू. केपर म्हणजे बागडणं, आनंदाने उड्या मारणं. शब्द आता जुना झाला. आज कुणी गप्पांमध्ये ‘मुलं अंगणात केपर करत होती’ अशा अर्थाचं इंग्रजी बोललं, तर आजोबांच्या ट्रंकेतला कोट घालून आल्यासारखं वाटेल. तो उरला आहे मुख्यतः सिनेमाच्या परीक्षणांत. चार भुरटे मिळून बँक किंवा हिऱ्यांचा हार लुटायला निघतात आणि सगळा घोळ होतो, अशा चित्रपटाला समीक्षक ‘केपर’ म्हणतात. हा अर्थ अमेरिकेतल्या चोरांच्या बोलीतून १९२०च्या दशकात वर आला. आधी उडी, मग खोडी, मग दरोडा. शब्दांची चालचलणूक बिघडते ती अशी, पायरीपायरीने.

मूळ मात्र शुद्ध खेडवळ आहे. लॅटिनमध्ये बोकडाला ‘कापेर’ आणि शेळीला ‘काप्रा’ म्हणत. प्राणिशास्त्रात आपल्या दारातल्या शेळीचं नाव आजही काप्रा हिर्कस असंच आहे. काप्रापासून ‘काप्रेओलुस’, म्हणजे रानातलं शेळीसारखं चपळ जनावर, युरोपातलं लहानखुरं रो हरीण. इटालियन लोकांनी त्याच्या उडीला ‘काप्रिओला’ म्हटलं. फ्रेंचांनी तिचं ‘काप्रिओल’ आणि पुढे ‘काब्रिओल’ केलं. इंग्रजांनी सोळाव्या शतकाच्या शेवटच्या दशकांत हा शब्द उचलला आणि शेपूट तोडून ‘केपर’ केला, असं कोशकार मानतात. शेपूट तोडायची ही इंग्रजी खोड ध्यानात ठेवावी, पुढे ती पुन्हा भेटणार आहे.

गावातली उडी राजवाड्यात कशी पोचली? नाचातून. त्या काळी युरोपच्या दरबारांत ‘गॅलियार्ड’ नावाचा नाच जोरात होता. इंग्लंडची पहिली एलिझाबेथ राणी उतारवयातही सकाळी व्यायाम म्हणून तो नाचत असे. सहा मात्रांचा हा नाच. आपल्या दादऱ्यासारखाच हिशेब, पण पावलं पाचच. पहिल्या चार मात्रांना एकेक पाऊल, पाचव्या मात्रेला नाचणारा हवेत, सहाव्या मात्रेला जमिनीवर, एक पाय पुढे टाकून ऐटीत उभा. म्हणजे सगळा जीव त्या पाचव्या मात्रेत. आणि हवेत असताना केवळ उडून न थांबता जो पायांची कात्रीसारखी मागेपुढे फडफड करी, त्याने ‘काप्रिओल’ केली. इंग्रजीत ‘केपर कापणे’ असा वाक्प्रचार आहे. हवेत झटपट पाय आडवे-उभे करण्याला त्या नाचात ‘कापणे’च म्हणत.

फ्रान्समधल्या लांग्र गावच्या चर्चमध्ये जेआँ ताबूरो नावाचे एक धर्माधिकारी होते. १५८९ साली, वय सत्तरीला टेकलेलं असताना, त्यांनी नाचावर एक पुस्तक छापलं, ‘ऑर्केसोग्राफी’. धर्माधिकाऱ्याने नाचाचं पुस्तक लिहिणं जरा अवघडच, म्हणून स्वतःच्या नावातली अक्षरं उलटसुलट करून त्यांनी ‘त्वानो आर्बो’ हे टोपणनाव घेतलं. पुस्तक संवादरूपात आहे. वकिलीचं शिक्षण घेऊन परतलेला एक तरुण गुरूकडे येतो आणि म्हणतो, बाकी सगळं शिकलो, नाच तेवढा येत नाही, बायकांत माझी शोभा होते. या तरुणाचं नाव काय ठेवावं? काप्रिओल. मराठीत नृत्यशिक्षणाचं पुस्तक लिहून शिष्याचं नाव ‘करडू’ ठेवण्यातलाच हा प्रकार. गुरुजी त्याला नाचाचा एक व्यावहारिक फायदाही सांगतात. लग्नाआधी जोडीदाराचे हातपाय धड आहेत का, तोंडाला दुर्गंधी तर येत नाही ना, हे नाचताना आपसूक कळतं. पाहण्याच्या कार्यक्रमात मुलीला चालून दाखवायला लावणाऱ्या आपल्या पूर्वजांपेक्षा ही पद्धत बरी म्हणायची, निदान इथे तपासणी दुतर्फा आहे. या पुस्तकातल्या चालींवर पीटर वॉरलॉक या इंग्रज संगीतकाराने १९२६ साली तंतुवाद्यांसाठी एक रचना बांधली. तिचं नाव ‘काप्रिओल स्वीट’. करडू असं विसाव्या शतकातल्या वाद्यवृंदातही शिरलं.

शेक्सपिअरला हा शब्द आवडता दिसतो. ‘ट्वेल्फ्थ नाइट’ नाटकात सर अँड्र्यू नावाचा एक बावळट सरदार आपल्या गॅलियार्डची फुशारकी मारतो आणि मला केपर कापता येते म्हणतो. त्यावर त्याचा पेयबंधू सर टोबी लगेच मटण कापायची गोष्ट काढतो. हा विनोद आज समजावून सांगावा लागतो. इंग्रजीत केपर नावाची एक लोणच्यातली कळीही आहे आणि उकडलेल्या मटणाबरोबर तिचा सॉस खायची इंग्रजांना सवय होती.

या कळीचा शेळीशी काही संबंध नाही. ती ग्रीक ‘काप्पारिस’वरून आली. इंग्रजीत ती पूर्वी शेवटच्या ‘स’सकट एकवचनी होती. पुढे तो ‘स’ अनेकवचनाचा आहे असं समजून लोकांनी काढून टाकला आणि दोन निराळ्या घराण्यांतले शब्द सारखे दिसू लागले. इथे मला थांबून सांगितलंच पाहिजे की या कळीची चुलत बहीण आपल्या घरी येते. आषाढी एकादशीचा उपास द्वादशीला सोडताना ज्या वाघाट्यांची भाजी करतात, ती वाघाटी त्याच कॅपॅरिस कुळातली. मंडईत त्या दोन-तीन दिवसांत टोपल्या दिसतात, आणि मग वर्षभर कुणी तिचं नाव काढत नाही.

नाचातली ही उडी पुढे बॅलेत गेली. तिथे ‘काब्रिओल’ म्हणजे एक पाय हवेत फेकायचा आणि दुसऱ्याने खालून जाऊन त्याला थाप द्यायची. बॅलेतली दुसरी एक प्रसिद्ध उडी, ‘आंत्रशा’, हीसुद्धा मुळात इटालियन ‘काप्रिओला इंत्रेच्चाता’, म्हणजे गुंफलेली शेळीउडी. फ्रेंचांनी त्यातली काप्रिओला गाळली आणि ‘इंत्रेच्चाता’ची अशी काही मोडतोड केली की आता लिहिताना त्या शब्दाच्या शेवटी मांजर दिसतं, कारण फ्रेंचमध्ये ‘शा’ म्हणजे बोका. शेळी गेली आणि बोका आला. इंग्लंडातल्या खेड्यांत मात्र मूळ शब्द टिकला. पायाला घुंगरू बांधून, हातात रुमाल घेऊन तिथले लोक मॉरिस नाच नाचतात, त्यातल्या उंच उड्यांना आजही केपरच म्हणतात. १८९९ सालच्या नाताळच्या दुसऱ्या दिवशी ऑक्सफर्डजवळ हेडिंग्टनला सेसिल शार्प यांनी हे नर्तक बर्फात नाचताना पाहिले आणि ते लोकसंगीताच्या संग्रहाकडे वळले. ते नर्तक खरं म्हणजे बांधकामावरचे मजूर होते. थंडीने काम बंद पडलं होतं आणि चार पैसे मिळतील म्हणून ते नेहमीचा दिवस सोडून अवेळी बाहेर पडले होते.

बागडण्यासाठी इंग्रजीत याच वयाचा आणखी एक शब्द आहे, ‘गॅम्बल’. देवनागरीत लिहिला तर जुगारापासून ओळखू येत नाही, आणि इंग्रजांच्या कानालाही येत नाही. तो पायावरून आला, इटालियन ‘गांबा’ म्हणजे पाय. बुद्धिबळातला ‘गँबिट’ त्याचाच भाऊ, मूळ अर्थ पाय घालून पाडणं. स्पेनच्या रुय लोपेसने १५६१च्या आपल्या बुद्धिबळाच्या पुस्तकात तो वापरला. पण गॅम्बल बिचारा कोकरांच्या कवितांत अडकून पडला. केपरच्या घराण्याने जग पाहिलं.

कारण माणसांनी उडी मारून झाल्यावर ती घोड्याला शिकवली. दरबारी अश्वविद्येत घोड्याला जमिनीवरून उचलायच्या काही कसरती असतात, त्यांतली सर्वांत अवघड ‘काप्रिओल’. घोडा उभ्या जागेवरून हवेत उठतो, अंग जमिनीला समांतर होतं, आणि त्या टोकाच्या क्षणी मागचे दोन्ही पाय सरळ मागे झाडतो. व्हिएन्नाच्या स्पॅनिश रायडिंग स्कूलमध्ये पांढरेशुभ्र लिपिझानर घोडे आजही ही उडी दाखवतात. सहावा चार्ल्स या सम्राटाने बांधलेल्या आणि १७३५ साली पुऱ्या झालेल्या दालनात, वर झुंबरं, खाली चाळलेली माती. सगळ्याच घोड्यांना ही जमत नाही. वर्षानुवर्षं मेहनत घेऊन एखादाच तिथवर पोचतो. करडू जे चौथ्या दिवशी, न शिकवता, उकिरड्यावर करतं, त्यासाठी सम्राटाला एवढा महाल बांधावा लागला.

घोड्यानंतर पाळी आली त्याच्या मागच्या गाडीची. अठराव्या शतकात फ्रान्समध्ये एक नवी हलकी गाडी निघाली. दोन चाकं, एक घोडा, वर दुमडता येणारं छत. पूर्वीच्या जडशीळ बग्ग्यांच्या मानाने ही अगदीच टोपली. पॅरिसच्या फरसबंदीवर ती अशी उसळे की लोकांना करडूच आठवलं. नाव पडलं ‘काब्रिओले’, छोटी शेळीउडी. १७५५ साली इंग्रज लेखक होरेस वॉलपोल यांनी एका पत्रात या गाडीचं पॅरिसला लागलेलं वेड वर्णन केलं आहे. पुरुष आपल्या जाकिटांवर ती गाडी रंगवून घेत, पायमोज्यांवर तिची नक्षी भरत, आणि बायका चाकांएवढ्या गोल टोप्या घालून हिंडत. गंमत म्हणजे ही फॅशन फ्रान्समध्ये एका इंग्रजाने आणली असं वॉलपोलच सांगतात. चालवणारे बहुतेक श्रीमंतांचे उडाणटप्पू पोर, वेगाने हाकणारे. पायी चालणाऱ्यांची त्रेधा उडे. पंधरावा लुई म्हणाल्याची कथा आहे की मी पॅरिसचा पोलीसप्रमुख असतो तर काब्रिओलेंवर बंदी घातली असती. तो राजा होता, त्यामुळे काही करता आलं नाही.

लंडनच्या रस्त्यांवर ही गाडी भाड्याने मिळू लागली १८२३ साली. तोवर तिथे जुनाट, थोरामोठ्यांच्या टाकून दिलेल्या चौचाकी बग्ग्या भाड्याने फिरत. त्यांच्यापुढे ही नवी गाडी स्वस्त आणि चपळ. एका नमुन्यात गाडीवान बसे उजव्या चाकाच्या नि टपाच्या मधल्या सापटीत, बाहेर लटकल्यासारखा. आणि लंडनच्या लोकांना ‘कॅब्रिओले’ एवढं लांब नाव घ्यायला वेळ कुठला! काही वर्षांतच शेपूट तुटलं आणि उरली ‘कॅब’.

आपली कॅब ती हीच.

आता चार्ल्स डिकन्स काय सांगतात बघा. ‘पिकविक पेपर्स’ १८३६ साली हप्त्याहप्त्याने छापायला सुरुवात झाली. त्यात पिकविकसाहेब ज्ञानार्जनासाठी प्रवासाला निघतात आणि पहिलीच गोष्ट करतात ती कॅब पकडायची. गाडीवानाला ते घोड्याचं वय विचारतात. गाडीवान बेधडक सांगतो, बेचाळीस. साहेब वहीत टिपून घेतात. याला किती वेळ जुंपून ठेवता? दोन-तीन आठवडे. का बरं? तर सोडला की पडतो म्हणून. जुंपलेला असताना लगाम आखडून, पट्टे घट्ट आवळून त्याला उभा धरता येतो, आणि चाकं इतकी मोठी आहेत की एकदा हलला की गाडी मागून ढकलते, मग त्याला चालण्यावाचून गत्यंतर नसतं. साहेब हेही टिपून घेतात. गाडीवानाला वाटतं हा कुणीतरी खबऱ्या आहे, आणि उतरल्यावर तो त्यांना ठोसे मारतो.

डिकन्सना कॅब शब्दाचं मूळ ठाऊक होतं की नाही, त्याने फरक पडत नाही. पण मला हा घोडा विसरता येत नाही. करडाच्या उडीचं नाव मिरवणाऱ्या गाडीला जुंपलेला, आणि सोडला तर उभाही राहू न शकणारा. थट्टा असेल गाडीवानाची, पण लंडनच्या भाड्याच्या घोड्यांच्या हालाची कल्पना वाचकांना असल्याशिवाय ती थट्टा पटली नसती.

दोन चाकांच्या या गाड्या उलटत फार. १८३४ साली जोसेफ हॅन्सम या वास्तुविशारदाने, बर्मिंगहॅमचा टाउन हॉल बांधणाऱ्यानेच, नव्या गाडीचं पेटंट घेतलं. गाडीचा भार जमिनीजवळ आणला, म्हणजे ती उसळणार नाही, कलंडणार नाही. पुढे इतरांनी तीत सुधारणा केल्या, आणि शेरलॉक होम्स धुक्यातून ज्या गाडीने निघतो ती हॅन्सम कॅब तयार झाली. म्हणजे उडी मारते म्हणून जिला नाव मिळालं, तिच्यातली उडी इंजिनिअरिंगने काढून टाकली. नाव तेवढं ठेवलं. मग घोडाही गेला. भाडं मोजणारं ‘टॅक्सीमीटर’ नावाचं जर्मन यंत्र मोटारींना लागलं, १९०७ साली लंडनच्या भाड्याच्या मोटारींवर ते सक्तीचं झालं, आणि ‘टॅक्सीकॅब’ हा जोडशब्द रूढ झाला. लोकांनी त्याचे दोन तुकडे करून ज्याला जो हवा तो घेतला.

मुंबईने टॅक्सी घेतली. घोड्याच्या भाड्याच्या गाडीला मुंबईकर कॅब म्हणत नव्हते, ती व्हिक्टोरिया. नंतरची काळी-पिवळी फियाट, पद्मिनी, तीही टॅक्सी. उच्च न्यायालयाने २०१५ साली व्हिक्टोरिया बेकायदा ठरवल्या, २०२३च्या ऑक्टोबरात पद्मिनी रस्त्यावरून गेली. कॅब आली ती या दोघी रस्त्यावर असतानाच. आधी कॉल सेंटरच्या रात्रपाळीवाल्यांना घरून उचलणारी, हिंजवडीच्या कंपन्यांची, आणि मग मोबाईलवर बोट टेकवलं की दाराशी येणारी. आज मुंबईत रस्त्यावर हात दाखवून थांबते ती टॅक्सी आणि फोनवर बोलावतो ती कॅब, असा सरळ भेद झाला आहे. लंडनच्या माणसाला तो कळणार नाही, त्याला दोन्ही एकच.

घराण्यात इतरही मंडळी आहेत. पोलीस हवालदाराच्या बाहीवरच्या तीन फिती, इंग्रजीत शेव्हरॉन. मूळ अर्थ छपराचे वासे, आणि वाशांच्या त्या कैचीला नाव शेळीवरून पडलेलं. जर्मन वर्तमानपत्रं अवकाळी पावसाला हवामानाच्या ‘काप्रिओल’ म्हणतात. मकर राशीचं लॅटिन नाव काप्रिकोर्नुस, म्हणजे अजशृंगी. आपल्या भूगोलाच्या पुस्तकातलं मकरवृत्त ते इंग्रजीत शेळीच्या शिंगाचं वृत्त आहे. ग्रीकांकडे हीच रास ‘आयगोकेरोस’. वराहमिहिरांनी ‘बृहज्जातका’त ते ग्रीक नाव ‘आकोकेर’ असं संस्कृतात बसवून दिलं आहे, आणि मकर कसा, तर हरणाच्या तोंडाचा, असंही सांगितलं आहे. मगरीला हरणाचं तोंड का, हा प्रश्न मला लहानपणापासून छळत असे. बाबिलोनच्या आकाशात ही रास पुढून बोकड आणि मागून मासा होती, हे वाचलं तेव्हा बोकडाचं तोंड वाटेत हरणाचं झालं असावं असं मी आपलं समाधान करून घेतलं.

लिंगाचा एक गमतीचा भाग राहिला. लॅटिन कापेर बोकड, म्हणजे पुल्लिंगी. इटालियन काप्रिओला आणि फ्रेंच काब्रिओल, दोन्ही उड्या स्त्रीलिंगी. काब्रिओले गाडी फ्रेंचमध्ये पुन्हा पुल्लिंगी झाली. इंग्रजीत गाड्यांना लिंगच नाही, त्यामुळे लंडनला दोनशे वर्षं हा प्रश्न पडला नाही. मराठीत आल्याबरोबर पडला आणि कुणी न विचारता सुटलाही. आपण म्हणतो, ‘अगं, कॅब आली बघ, खाली उभी आहे.’ शेळीसारखीच स्त्रीलिंगी. दाराशी उभी, दोन मिनिटं थांबेन म्हणणारी, आणि पुढे चांदणी चौकात तासभर जागची न हलणारी.